ऊर्जेचे प्रकार आणि ऊर्जेचा हिशेब

‘ऊर्जेचे प्रकार सांगा’ हा प्रश्न आपल्या शाळांत इतका रुळला आहे की तो आला कुठून, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. चौथी-पाचवीतली मुले उत्तर घडाघडा म्हणतात: उष्णता ऊर्जा, प्रकाश ऊर्जा, ध्वनी ऊर्जा, विद्युत ऊर्जा, यांत्रिक ऊर्जा, रासायनिक ऊर्जा. पूर्ण गुण मिळतात. मग त्याच मुलांना विचारावे, ‘तुम्ही दप्तर घेऊन जिना चढलात. दप्तराला काय मिळाले, आणि ते कुणाकडून मिळाले?’ वर्ग शांत होतो. क्वचित एखादी मुलगी म्हणते, ‘दप्तराला काहीच नाही मिळाले सर, दमलो आम्हीच.’ आमच्या मते या मुलीला ऊर्जेचे कोडे नीट कळले आहे. यादी पाठ असणाऱ्यांना ते अजून दिसलेलेही नाही.

विज्ञानाच्या इतिहासात गोष्टी नेमक्या उलट क्रमाने घडल्या. आधी हिशेब आला. अमुक इतके ओझे अमुक इतके उचलायला किती घोडे, किती कोळसा, किती पाणी लागते, हा व्यवहारातला हिशेब. तो शंभर वर्षे करता करता एक आकडा कायम राहतो असे लक्षात आले. त्या आकड्याला ‘ऊर्जा’ हे नाव त्यानंतर मिळाले, आणि प्रकारांची नावे सर्वांत शेवटी. शाळेत मात्र आपण मुलांच्या हाती आधी नावे देतो आणि हिशेब नववीपर्यंत लांबवतो. हा क्रम बदलता येईल का, हे पाहण्यासाठी इतिहासाची थोडी उजळणी करू. त्यासाठी मँचेस्टर आणि पॅरिसला तर जावे लागेलच, पण मुक्कामाला आम्ही मावळातले एक गाव निवडले आहे: तिकोणा पेठ.

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने पुढे गेले की तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला हे गाव लागते. किल्ल्याचे दुसरे नाव वितंडगड. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडी वर, आणि गावापासूनची चढण हिशेबासाठी ३५० मीटर धरू. वर उभे राहिले की पवना धरणाचे पाणी, त्यापलीकडे तुंग, लोहगड आणि विसापूर दिसतात. दक्षिणेला, मधल्या डोंगरांच्या पलीकडे, मुळशीचा जलाशय आहे. पवनेचे पाणी पूर्वेकडे वाहते. ते मुळेला, पुढे भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. मुळशीचे पाणीही निसर्गतः त्याच वाटेचे. पण १९२७ पासून त्यातले पुष्कळसे पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला, कोकणातील भिरा येथे उतरवले जाते आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते. दहा-बारा किलोमीटरच्या अंतरावरचे दोन जलाशय, आणि त्यांचे पाणी दोन वेगळ्या समुद्रांना! असे का, याचे उत्तर एका शब्दात देता येते: उतार. पण त्या शब्दामागचा हिशेब आपण सावकाश करू.

समजा, ३५ मुलांचा एक वर्ग तिकोण्यावर चढला. प्रत्येक मुलाचे वजन सरासरी ३० किलो धरा. एका मुलाला ३५० मीटर वर नेण्यासाठी ३० गुणिले ९.८ गुणिले ३५०, म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार ज्यूल इतके कार्य करावे लागते. ३५ मुलांचे मिळून ३६ लाख ज्यूल होतात. आता गंमत पाहा. घरच्या विजेच्या बिलावर जे ‘युनिट’ छापलेले असते, ते म्हणजे बरोबर ३६ लाख ज्यूल. अख्खा वर्ग घामाघूम होऊन गडावर पोचला, तेव्हा एक युनिट खर्ची पडले. हजार वॉटची विजेची शेगडी तासभर चालली की तेवढेच युनिट पडते.

मुलांनी हे एक युनिट आणले कुठून? सकाळच्या भाकरीतून. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता पाचात एक ते चारात एक अशी असते, म्हणजे अन्नातून मिळालेल्यापैकी तेवढाच भाग चढण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. तसा हिशेब केला तर एका मुलाच्या चढणीला तीस-पस्तीस ग्रॅम पिठाची, म्हणजे एक लहानशी भाकरी पुरते. तांदळाची असो वा नाचणीची, फारसा फरक पडत नाही.

हा एवढा एक हिशेब सातवीच्या मुलांना स्वतः करू दिला, तर अन्न, श्रम, उंची आणि वीज या चार गोष्टी एकाच मापाने मोजता येतात हे त्यांना दिसते. ऊर्जा या कल्पनेचा गाभा हाच आहे. आणि हे एकच माप शोधायला युरोपातील कुशल माणसांना साधारण १७५० ते १८५० अशी शंभर वर्षे लागली.

सुरुवात झाली जनावरांपासून. तिकोण्यावर जुना चुन्याचा घाणा आहे. वर्तुळाकार दगडी चरातून भले मोठे दगडी चाक फिरायचे आणि बांधकामाचा चुना मळला जायचा. चाक ओढायला बैल. किल्ल्यांवर असे घाणे ठिकठिकाणी दिसतात, आणि मुले त्यांच्यावर बसून फोटो काढतात. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात गिरण्यांतून असेच घोडे गोल फिरत. जेम्स वॉटला आपली वाफेची यंत्रे विकायची होती, आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता: ‘हे यंत्र किती घोड्यांचे काम करील?’ वॉटने गिरणीतल्या घोड्याचा हिशेब मांडला. बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात घोडा तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो. गुणाकार करून, आकडा सोयीचा करून त्याने ठरवले की एक घोडा म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. हीच आपली अश्वशक्ती. शेतावरच्या पंपाच्या मोटारीवर ‘३ एच.पी.’ असे लिहिलेले असते ना, त्यातला घोडा हाच. (आपला ३५ मुलांचा वर्ग तासाभरात गडावर पोचला असेल, तर त्याची शक्ती एक किलोवॉट, म्हणजे दीड घोड्यापेक्षाही कमी भरते. मुलांना हे ऐकून हसू येते.)

वॉटच्या आधी जॉन स्मीटन याने १७५९ साली पाणचक्क्यांवर प्रयोग करून दाखवले होते की चाकाच्या वरून पडणारे पाणी, खालून ढकलणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त काम देते. या सगळ्या मंडळींचे माप एकच होते: किती वजन, किती उंच. ‘ऊर्जा’ हा शब्द त्यांच्यापैकी कुणीही वापरला नाही.

अडचण आली ती उष्णतेची. वाफेच्या यंत्रात कोळसा जाळला की ओझे वर जाते, म्हणजे उष्णतेचा आणि उंचीचा काहीतरी संबंध आहे हे उघड होते. पण तो कोणता? पॅरिसच्या सादी कार्नो याने १८२४ मध्ये याला पाण्याचीच उपमा दिली. पाणी उंचावरून खाली पडताना चाक फिरवते, तशी उष्णता गरम भागाकडून थंड भागाकडे ‘पडताना’ यंत्र फिरवते. उपमा फार मोलाची ठरली, कारण तापमानात फरक असल्याशिवाय उष्णतेपासून काम मिळत नाही हे तिने दाखवले. मात्र तिच्यात एक उणीव होती. पाणी खाली पडले तरी पाणी तेवढेच राहते, तशी उष्णताही तेवढीच राहते असे कार्नोने त्या वेळी धरले होते. वास्तविक उष्णतेचा काही भाग खर्ची पडून त्याचेच काम होते.

हे प्रथम नेमकेपणाने मांडले ते यूलियस रॉबर्ट मायर या जर्मन डॉक्टरने. १८४० साली तो जहाजावरचा डॉक्टर म्हणून जावा बेटावर गेला होता. तेथे खलाशांच्या शिरेतून रक्त काढताना त्याला ते नेहमीपेक्षा जास्त लाल दिसले. उष्ण हवेत शरीर गरम ठेवायला अन्न कमी जाळावे लागते, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो, असा तर्क त्याने केला. मग शरीराची उष्णता आणि शरीराचे श्रम ही दोन्ही अन्नातूनच येतात, तर त्यांच्यात ठरलेला विनिमयदर असला पाहिजे! १८४२ मध्ये त्याने तो दर छापलाही: पाण्याचे तापमान शून्यापासून एक अंश सेल्सियस वाढवायला जितकी उष्णता लागते, तिचे मोल तितकेच वजन सुमारे ३६५ मीटरवरून खाली पडण्याइतके. त्याच्या हाती असलेली वायूंविषयीची माहिती तितकी अचूक नव्हती. आजचा आकडा ४२७ मीटर आहे.

मायरचे ३६५ मीटर म्हणजे जवळजवळ तिकोण्याची चढण. आपल्या भाषेत सांगायचे तर, एक हंडा पाणी तिकोणा पेठेतून गडावर नेण्याचे श्रम आणि तेच पाणी एक अंशाहूनही थोडे कमी तापवणे, दोन्ही सारखेच. मुलांना यावर विश्वास बसत नाही. मोठ्यांनाही बसत नाही. हंडा घेऊन गड चढणारी बाई अर्धमेली होईल, आणि बोटाला तो एक अंश कळणारही नाही. चहाचे पाणी २५ अंशांपासून उकळीच्या बेतापर्यंत आणायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी ३१ किलोमीटर उंच, म्हणजे एव्हरेस्टच्या साडेतीनपट, नेता येईल. उष्णता ही किती महाग वस्तू आहे हे यातून दिसते. चुलीसाठी सरपण गोळा करण्यात घरातल्या बायकांचे आयुष्य का जाते, तेही.

मायरचे लेखन बराच काळ दुर्लक्षित राहिले. प्रयोगाने हा दर पक्का केला तो मँचेस्टरजवळच्या जेम्स ज्यूल याने. घरचा धंदा बिअर गाळण्याचा, त्यामुळे तापमान काटेकोर मोजण्याची सवय हाडीमाशी खिळलेली. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापते ते पाहायचे, असा त्याचा प्रसिद्ध प्रयोग. वजने पुन्हा पुन्हा वर नेऊन वीस वेळा सोडली तरी पाणी फॅरनहाइटच्या अर्ध्या अंशाच्या आसपासच तापे. आणि एवढ्याशा वाढीवरून त्याने १८५० मध्ये दिलेला आकडा आजच्या आकड्याच्या अगदी जवळ आहे.

याच ज्यूलने १८४५ साली लिहिले होते की त्याचे म्हणणे खरे असेल, तर नायगारा धबधब्याच्या तळाचे पाणी माथ्यापेक्षा फॅरनहाइटच्या एकपंचमांश अंशाने गरम असले पाहिजे. १८४७ च्या उन्हाळ्यात आल्प्समध्ये तो नवपरिणीत पत्नीसह फिरत असताना तरुण विल्यम थॉमसनची (पुढे लॉर्ड केल्व्हिन) त्याच्याशी वाटेत गाठ पडली. ज्यूलच्या हातात लांबलचक तापमापक होता आणि तो धबधब्यांचे तापमान मोजायला निघाला होता, अशी हकीकत थॉमसनने पुढे म्हातारपणी सांगितली. तापमापकाचा भाग त्याने मागाहून रंगवला असावा असे काही इतिहासकारांना वाटते. ते काही असो, धबधब्यावरचे मोजमाप साधले नाही. उडणाऱ्या तुषारांमुळे पाण्याचे बाष्पीभवन होते, ते थंड होते, आणि एवढासा फरक त्यात हरवून जातो.

ज्यूल लोणावळ्याला आला असता तर त्याला नायगाऱ्यापेक्षा दसपट उंची मिळाली असती. घाटमाथा ते खोपोली ही उंची सुमारे ५२५ मीटर. पाणी तेथून सरळ कोसळले, आणि वाऱ्याने व बाष्पीभवनाने घोळ घातला नाही, तर खाली ते सव्वा अंश सेल्सियसने गरम होईल. पावसाळ्यात मावळातला वारा धबधब्याचे पाणी खालून वर उडवतो, तेव्हा हे मोजणे अशक्यच. शिक्षकांनी तापमापक घेऊन मुलांना धबधब्याखाली नेऊ नये, हे सांगायला नकोच. वर्गातल्या वर्गात हा प्रयोग कसा करायचा ते पुढे येईल.

या सगळ्यात ‘ऊर्जा’ हा शब्द कुठे होता? थॉमस यंग याने १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत ‘एनर्जी’ शब्द गतिमान वस्तूसाठी वापरला होता, पण तो फारसा कुणी उचलला नाही. मायर आणि हेल्महोल्ट्स (१८४७) हे दोघेही ज्याला आज आपण ऊर्जा म्हणतो त्याला ‘बल’ या अर्थाचाच जर्मन शब्द वापरत होते. तेव्हा पाचवीतल्या मुलाने बल, शक्ती, ताकद, जोर आणि ऊर्जा यांची खिचडी केली तर त्याच्यावर डोळे वटारू नयेत. हेल्महोल्ट्सचीही भाषा तशीच होती. १८५० नंतर थॉमसनने ‘एनर्जी’ शब्द रुळवला. रँकिनने १८५३ मध्ये आपण ज्याला स्थितिज ऊर्जा म्हणतो तिचे नामकरण केले. गतिज ऊर्जेचे आजचे इंग्रजी नाव थॉमसन आणि टेट यांनी १८६२ मध्ये प्रचारात आणले. म्हणजे प्रकारांची नावे पडेपर्यंत हिशेब पूर्ण झालेला होता.

जाता जाता शब्दांविषयी एक. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘काम’. आपला शब्द ज्या ‘ऊर्ज्’वरून आला, त्याला संस्कृतात बळ आणि पोषण असे दोन्ही अर्थ आहेत. भाकरीपासून सुरुवात करायला आपली भाषा जास्त सोयीची आहे.

आता पुन्हा घाटमाथ्यावर येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत. गिरण्यांना घाटातल्या पावसाची वीज द्यायची ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. ते १९०४ मध्ये वारले. कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी अडवायचे आणि नळांतून घाटाखाली सोडायचे. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजगृहे सुरू झाली. तिन्ही आजही चालू आहेत.

येथे उताराचा हिशेब करू. आपल्या वर्गाचे जे एक युनिट होते, तेवढी ऊर्जा खोपोलीला ७०० लिटर पाणी उतरले की मिळते (यंत्रातली घट सोडून दिली तर). दीड-दोन रोजच्या वापरातली पिंपे भरतात त्याच्या दुप्पट समजा. पवना धरणाच्या पायथ्याशीही १० मेगावॉटचे एक वीजगृह आहे. पण धरणाची उंची चाळीस मीटरच्या आसपास. पाणी तीस मीटर उतरते असे धरले तर त्याच एका युनिटला १२,२५० लिटर, म्हणजे एक मोठा टँकर पाणी लागेल. तेच मावळचे ढग, तोच पाऊस. पूर्वेला जमीन हळूहळू उतरत जाते, पश्चिमेला कडाच तुटतो. टाटांच्या इंजिनिअरांनी नद्यांना उलटे का वळवले, ते या दोन आकड्यांत आहे.

वीज तयार झाल्यावर पाण्याचे काय होते? धरणे नवी होती त्या काळी अनेक ठिकाणी शेतकऱ्यांत कुजबुज असे की पाण्यातली वीज काढून घेतली म्हणजे पाणी निःसत्त्व होते, पिकाला लागत नाही. शिकलेले लोक या समजुतीला हसत. आम्हाला ती हसण्यासारखी वाटत नाही. ‘वीज मिळाली, तर पाण्याने काहीतरी गमावले असले पाहिजे’ हा विचार शंभर टक्के बरोबर आहे, आणि ऊर्जेचे प्रकार पाठ केलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांना तो सुचत नाही. चूक आहे ती फक्त काय गमावले याच्या उत्तरात. पाण्याने गमावली उंची. त्याचे सत्त्व तेच, क्षार तेच. पवनेचे पाणी वीजगृहातून नदीत येते आणि पुढे पिंपरी-चिंचवडचे लोक ते पितात. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाऊन कोकणात उपयोगी पडते. आणि ती उंची पाण्याला दिली कुणी? समुद्राचे पाणी तापवून ढगांत नेणाऱ्या सूर्याने.

मात्र पूर्वेच्या शेतकऱ्याने खरोखरच काही गमावले होते, हेही वर्गात सांगितले पाहिजे. पश्चिमेला वळवलेले पाणी भीमेच्या खोऱ्याला मिळत नाही. आणि धरणाखाली जमिनी जातात. मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला, आणि तरीही धरण झाले. पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले, त्यातही गावे उठली. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात जलविद्युत ‘स्वच्छ ऊर्जा’ या रकान्यात असते. रकाना खोटा नाही. पण तिकोणा पेठेसारख्या गावच्या मुलाला पाण्याखाली काय आहे ते घरी आजोबांकडून कळलेले असते, आणि शाळेने त्याविषयी गप्प राहिल्याने विज्ञानावरचा त्याचा विश्वास वाढत नाही.

प्रकारांच्या यादीवर टीका करणारे आम्ही पहिले नव्हेत. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६६ मध्ये विज्ञानशिक्षकांसमोर बोलताना एका पाठ्यपुस्तकाची हजेरी घेतली होती. खेळणे कशाने चालते, कुत्रा कशाने चालतो, मोटारसायकल कशाने चालते, या सर्वांचे उत्तर त्या पुस्तकात एकच होते, ऊर्जेने! त्यांचे म्हणणे असे की ‘ऊर्जा’च्या जागी कोणताही निरर्थक शब्द घातला तरी मुलाच्या ज्ञानात काही फरक पडत नाही. त्यापेक्षा खेळणे उघडून आतली स्प्रिंग पाहावी. अमेरिकेत २०१२ मध्ये शालेय विज्ञानाचा जो नवा आराखडा आला, त्यातही ऊर्जेच्या ‘वेगवेगळ्या रूपां’ची भाषा दिशाभूल करणारी ठरू शकते असा इशारा आहे. कारण सूक्ष्म पातळीवर पाहिले तर उष्णता म्हणजे रेणूंची हालचालच, आणि ध्वनीही हवेची हालचालच. मग हे प्रकार वेगळे कसे?

तरी यादी फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. परीक्षा आहे, पालक आहेत, आणि नावे कधीतरी लागतातच. फक्त ती शेवटी यावीत. तिसरी-चौथीत ‘ऊर्जा’ शब्द न उच्चारताही पुष्कळ काही होते. फळ्यावर दोनच रकाने आखावेत: काय कमी झाले, काय वाढले. मेणबत्ती जळाली: मेण कमी झाले, खोली उजळली, वाटी तापली. आईने विहिरीतून पाणी शेंदले: पाणी वर आले, आईची भूक वाढली. भोवरा फिरला: सुरुवातीला वेग होता, शेवटी नाही, मग तो गेला कुठे? मुले या शेवटच्या प्रश्नावर तासभर भांडू शकतात. भांडू द्यावे. एक रकाना भरला आणि दुसरा रिकामा राहिला तर काहीतरी पाहायचे राहिले आहे, ही सवय लागली की मायरच्या तर्कापर्यंतचा अर्धा रस्ता झाला.

सहावी-सातवीत मापे यावीत. वाळूच्या पिशव्या जिन्याने वर न्याव्यात, वजन आणि उंची यांचा गुणाकार करावा. धबधब्याच्या बदली ज्यूलचा प्रयोग असा करता येतो. एक मीटर लांबीची पुठ्ठ्याची जाड नळी घ्या. सायकलच्या दुकानातले पोलादी छर्रे अर्धा किलो, नळीत टाकून दोन्ही तोंडे बुचांनी बंद करा. छर्ऱ्यांचे तापमान आधी मोजून ठेवा. आता नळी उभी धरून झटकन उलटी करा, छर्रे एक मीटर पडतील. असे शंभर वेळा. पुन्हा तापमान घ्या. हिशेबाने दोन अंशांची वाढ यायला हवी. नळी आणि बुचे काही उष्णता खातात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी येते. किती कमी, आणि ती कुठे गेली, हे मुलांनीच शोधायचे. छर्ऱ्यांना हात लावू नये, नाहीतर हाताची ऊब मोजली जाते.

राहिला तो एक प्रश्न, जो आठवी-नववीतला हुशार मुलगा हमखास विचारतो: ‘ऊर्जा नष्ट होत नाही म्हणता, मग वीज वाचवा कशाला सांगता?’ बहुतेक ठिकाणी त्याला गप्प बसवले जाते, आणि हा प्रश्न तर फार चांगला आहे. थॉमसनने १८५२ मध्ये याच्यावरच निबंध लिहिला होता. आपला वर्ग गडावर पोचला तेव्हा एक युनिट उंचीच्या रूपात जमा झाले. मुले धावत, घसरत खाली आली. गावात पोचली तेव्हा ते युनिट कुठे होते? गुडघ्यांत, बुटांच्या तळव्यांत, पायवाटेवरच्या दगडांत, थोडे हवेत, सगळीकडे अगदी किंचित ऊब होऊन पसरलेले. एक ज्यूलही नाहीसा झाला नाही. पण ती ऊब गोळा करून कुणी शेगडी पेटवू शकणार नाही. कार्नोने सांगितलेला तापमानातला फरक आता उरलेला नाही. आपण वाचवायचा असतो तो हा फरक, ही उंची.

आणि म्हणूनच उंची साठवून ठेवणे हा आज मोठा व्यवहार झाला आहे. भिऱ्याला १५० मेगावॉटचा असा एक संच आहे की ज्याने विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी उलट वर चढवता येते आणि मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली सोडता येते. अशा योजनांत साधारण चार युनिटे खर्च करून तीन परत मिळतात, चौथ्याची ऊब होते. दुपारी सूर्याची वीज जास्त आणि संध्याकाळी नाहीशी, अशा दिवसांत हा व्यवहार परवडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या अशाच दोन योजनांचा करार केला. शिरवट्याचे पाणी शतकाहून अधिक काळ घाट उतरत आले आहे. या योजनेत ते दुपारी चढेल आणि संध्याकाळी उतरेल. एका लिटरला एका उतरणीत किती ज्यूल मिळतील आणि चढवताना किती द्यावे लागतील, हे गणित सातवीच्या वर्गाला गृहपाठ म्हणून देता येईल.